बोटीवरचा वरखर्च

एकोणीस वर्षं मी हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसते. खिळे, बिजागऱ्या, कड्या, रंगाचे डबे. दिवसाला दोन-अडीचशे गिऱ्हाईकं होतात, आणि रात्री दुकान बंद करताना एक नाणं इकडचं तिकडे झालेलं नसतं. मालक गल्ल्याची किल्ली स्वतःच्या मुलाला देत नाहीत, मला देतात. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की मी नुसतं 'एकोणीस' म्हटलं तरी हे पाणी प्यायला उठतात.

हे म्हणजे माझे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणं कमी, आणि जे बोलतील तेही दहा मिनिटं उशिरा. त्यांना कंपनीत पंचवीस वर्षं झाली म्हणून कंपनीनं चौघांची बोटीची तिकिटं दिली. पाच दिवस, चार रात्री, राहणं-जेवण सगळं त्यात. आमच्या सात पिढ्यांत कुणी होडीतसुद्धा बसलेलं नाही. पाकीट उघडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आणि बुडाली म्हणजे?" लेक म्हणाली, "बुडाली तर सामान उचलून घरी आणायचा त्रास वाचला, आजी." मी मात्र पाकिटातला दुसरा कागद वाचत होते. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, की बाटलीचं पाणी, कॉफी, फोटो, कपडे धुणं, डॉक्टर आणि सेवकांची बक्षिसी तिकिटात धरलेली नाही.

"म्हणजे फुकट काय आहे?" मी विचारलं.

"समुद्र," लेक म्हणाली.

त्याच महिन्यात तिच्या प्रवेशाचं चाललं होतं. कृत्रिम हातपाय बनवायला शिकवतात, त्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला होता. जागा बावीस, आणि आमच्या बाईसाहेबांचा नंबर एकविसावा. शाळेत असताना शेजारच्या सुताराचा अंगठा करवतीखाली गेला, तेव्हा हिनं त्याला लाकडाचा एक अंगठा करून दिला होता. तो दिवसातून चार वेळा गळून पडायचा, पण सुतार तो लावून सगळ्यांना दाखवत फिरायचा. तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

फी एक लाख ऐंशी हजार. भरायचा दिवस एकच, सोमवार, दुपारी बारापर्यंत. बारा वाजून गेले की जागा यादीतल्या पुढच्याला. मी कॉलेजच्या बाईला फोन करून विचारलं, आधी भरले तर चालतील का? नाही. एक दिवस उशिरा? तिनं उत्तरसुद्धा दिलं नाही, नुसती हसली. आणि तो सोमवार नेमका आमच्या बोटीचा चौथा दिवस होता. बोट छोटी आणि जुनी. किनारा सोडला की प्रवाशांना ना फोन, ना इंटरनेट. म्हणून हे बँकेत जाऊन सही करून आले, की सोमवारी सकाळी दहा वाजता खात्यातून फी आपोआप कॉलेजला जावी. खात्यात दोन लाख पंधरा हजार होते. फी जाऊन पस्तीस हजार उरणार होते.

"या खात्याकडे कुणी वाकड्या डोळ्यानंसुद्धा बघायचं नाही," मी तिघांना बजावलं.

वरखर्चासाठी मी वर्षभर पगारातून बाजूला टाकलेले चाळीस हजार रोख घेतले. त्यांची पाच पाकिटं केली. बक्षिसी, पाणी, कॉफी, फोटो, आणि पाचवं अडीअडचणीचं. सासूबाईंनी पाचही पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "यातलं मजेचं कुठलं ग?" मी म्हणाले, मजा जेवणात धरली आहे.

बोटीवर चढताना पहिलाच धक्का बसला. तिथे रोख पैसे चालतच नव्हते. प्रत्येकाला एक प्लास्टिकचं कार्ड मिळालं. त्यानंच खोली उघडायची आणि त्यानंच काय हवं ते घ्यायचं. सगळा खर्च खोलीच्या खात्यावर चढत जाणार. आणि त्या खात्याला बँकेचं कार्ड जोडावं लागणार.

"क्रेडिट कार्ड?" टेबलावरच्या मुलीनं विचारलं.

"आम्ही उधारीचं कार्ड बाळगत नाही," मी मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. यांनी आपल्या खात्याचं साधं कार्ड काढून दिलं. तेच, फीचे पैसे असलेल्या खात्याचं. आमच्याकडे दुसरं खातं नव्हतंच. मुलीनं पडदा आमच्याकडे वळवला. दोन पानं भरून मजकूर होता. मागच्या माणसाची बॅग माझ्या टाचेवर चढली होती. मुलगी भराभर काहीतरी सांगत होती, आणि मी 'हो हो' म्हणत सही ठोकून मोकळी झाले. दुकानात दोनशेच्या पावतीवर सही करताना मी तीनदा वाचते.

खातं चढत जाणार, ही कल्पनाच मला सोसवेना. आमच्या घरी रोजचं रोज मिटवायची पद्धत आहे. दूधवाल्याचंसुद्धा महिनाअखेर राहत नाही. कुणाचे पैसे अंगावर ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी पाकिटं घेऊन खालच्या मजल्यावरच्या काउंटरवर गेले. तिथे एक जाड चष्म्याचा माणूस बसला होता. मी खोलीचा हिशेब छापून मागितला. बाटल्या, कॉफी, बक्षिसी आणि सासूबाईंनी परस्पर काढून घेतलेला एक फोटो मिळून पाच हजार दोनशे झाले होते. मी रोख मोजून ठेवले.

"ताई, हे सगळं शेवटच्या दिवशी एकदमच करतात," चष्मेवाला म्हणाला.

"करत असतील. आमच्यात रोजचं रोज."

"हो, पण रोज खातं बंद केलं, की दुसऱ्या दिवशी—"

"दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी. आजचं बंद करा, आणि शिक्का मारा."

त्यानं शिक्का मारला. मी छाती पुढे काढून वर आले. दुसऱ्या संध्याकाळी सहा हजार तीनशे. तेव्हाही तो काहीतरी बोलायला लागला, पण मी हात वर करून त्याला थांबवलं. माझ्या मागे लांब रांग होती आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघताहेत असं मला वाटलं.

घरच्यांचं तोंड मात्र उतरत चाललं होतं, हे आता कळतंय. लेकीनं दुसऱ्या दिवशी तिसरी कॉफी घेतली म्हणून मी तिला सगळ्यांसमोर झापलं. सासूबाई बाटलीचं पाणी घोट घोट करून प्यायला लागल्या. आणि हे जेवण झालं की तास-दीड तास गायब व्हायचे. विचारलं तर म्हणायचे, "इथेच होतो." सहाव्या मजल्यावर जुगाराची खोली होती. दुसऱ्या दिवशी मी यांना त्याच मजल्यावरून जिना उतरताना पाहिलं. तेव्हा मी ते मनात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी बोट एका बंदराला लागली. दुपारी तीनपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं होतं. बाकीचे लोक बसमधून शहर बघायला गेले. त्या सहलीचे माणशी चार हजार होते, म्हणून आम्ही धक्क्यावरच फिरायचं ठरवलं. शिडी उतरून दहा पावलं गेलो असू, तर माझ्या फोनला रेंज आली आणि एकामागून एक टिंग टिंग सुरू झालं. त्यात बँकेचा रोजचा मेसेज होता. वापरता येईल अशी शिल्लक, एक लाख चाळीस हजार.

मी तीनदा वाचलं. मग शून्यं मोजली. दोन लाख पंधरामधून पंचाहत्तर हजार गेले होते. उद्या दहा वाजता बँक एक लाख ऐंशी काढायला जाणार, आणि खात्यात चाळीस हजार कमी. फी जाणार नाही. बारा वाजता लेकीची जागा दुसऱ्या कुणाची होणार, आणि आम्ही तेव्हा समुद्राच्या मध्यावर बसलेले असणार.

आमचा बोटीवरचा खर्च मी रोज शिक्का मारून चुकता केला होता. पावत्या माझ्या पर्समध्ये होत्या. म्हणजे हे पैसे बोटीनं घेतले नव्हते. बँकेचं कार्ड फक्त यांच्या पाकिटात असतं.

"पंचाहत्तर हजार कुठे गेले?" मी विचारलं.

"कसले?" हे म्हणाले.

मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी पाहिलं. मग नेहमीसारखे गप्प झाले. मला त्या गप्प बसण्याची सवय आहे, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"दोन दिवस दुपारी कुठे जाता तुम्ही? सहाव्या मजल्यावर काय आहे ते काय मला माहीत नाही?"

"लिफ्ट आहे," हे म्हणाले.

"काय?"

"मधल्या लिफ्टला आवाज येतोय. सहाव्यावर थांबते तेव्हा. त्यांच्या मिस्त्रीला दाखवत होतो."

"मला मूर्ख समजता? का पुन्हा भावाला दिलेत? त्याला दिलेत ना, मागच्यासारखे, मला न विचारता?"

मागचं म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं. माझ्या दिराचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाण्याची टाकी फुटून त्याचं सगळं सामान भिजलं, तेव्हा यांनी त्याला पन्नास हजार दिले आणि मला सांगितलं नाही. मला आठवड्यानं कळलं. मी तडक त्याच्या घरी गेले, त्याच्या सासरची माणसं बसली होती त्यांच्यासमोर पैसे मागितले, आणि वर आणखी चार शब्द सुनावले. त्यानं स्वतःची मोटरसायकल विकून आठ दिवसांत पन्नासच्या पन्नास आणून दिले. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. सणासमारंभाला फक्त यांना फोन करतो, बस.

"बोला ना!" मी ओरडले. "अहो, घरातच चोर असल्यावर मी एकोणीस वर्षं गल्ला सांभाळून काय उपयोग?"

धक्क्यावर दोर गुंडाळणारी दोन माणसं थांबून आमच्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातलं बँकेचं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "तूच बघ," एवढंच म्हणाले, आणि जाऊन आईशेजारी बाकावर बसले.

"आई," लेक म्हणाली, "मला नाही जायचं कॉलेजला. पुढच्या वर्षी बघू. तू गप्प बस फक्त."

तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा बावीस जागा, आणि त्यात हिचा नंबर एकविसावाच येईल कशावरून? मी वळले आणि परत शिडी चढून बोटीवर गेले. बोटीवर कुणाकडे तरी जाब मागायचा होता.

चष्मेवाल्यानं मेसेज पाहिला, मग आमच्या खोलीचं खातं उघडलं. त्याला कळायला अर्धं मिनिट लागलं.

"ताई, पैसे गेलेले नाहीत," तो म्हणाला. "अडकलेत."

"म्हणजे?"

"खातं उघडलं की आम्ही बँकेला सांगतो, या माणसाचे पंचवीस हजार राखून ठेवा. काढून घेत नाही, नुसते अडवून ठेवतो. पाच दिवसांत एकदाच. शेवटी बिल झालं की ते सुटतात. तुम्ही रोज संध्याकाळी खातं बंद केलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाण्याची बाटली घेतलीत, की खातं नव्यानं उघडलं, आणि बँकेनं नवे पंचवीस अडवले. चढताना एकदा, काल एकदा, आज नाश्त्याला एकदा. तीनदा पंचवीस."

"मग आधीचे सोडा! मी तर चुकते केलेत! शिक्के आहेत माझ्याकडे!"

"आम्ही सोडलेत. बँक तिच्या सवडीनं सोडते. सात-आठ दिवस लागतात."

तो मला टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता चष्मा पुसला आणि म्हणाला, "मी दोनदा सांगायला गेलो होतो." मग स्वतःहून एक पत्र लिहून छापून दिलं, की हे पैसे कुणीही खर्च केलेले नाहीत, नुसते अडवून ठेवलेत. मी ते पत्र घेऊन तिथेच उभी राहिले. माझ्या मागे रांग होती. या वेळी माझ्याकडे कौतुकानं कुणी बघत नव्हतं.

पुन्हा धक्क्यावर आले तेव्हा बारा वाजून गेले होते. मी यांच्यासमोर ते पत्र धरलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. माफी तेव्हाच मागायला हवी होती, पण माझ्या डोक्यात चाळीस हजारांचा आकडा आणि तीनची वेळ गरगरत होती. दुसऱ्या कशाला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

बँकेला फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि मग एक मुलगा म्हणाला, "आठ ते दहा दिवस, मॅडम." माझ्याकडे पाकिटांत साडेअठ्ठावीस हजार रोख उरले होते, पण रविवारी बँका बंद, आणि बंदरातलं मशीन पैसे देणारं होतं, घेणारं नव्हतं. मालकांना फोन केला. ते रविवारी फोन बंद करून झोपतात, हे मलाच माहीत असायला हवं होतं. बहिणीला फोन लावला, तिनं उचलला, आणि मग मला आठवलं की तिच्या नवऱ्याला महिनाभर काम नाही. मी तब्येतीची चौकशी केली आणि ठेवून दिला.

एक माणूस शिडीकडे जात होता. आमच्याच मजल्यावरचा, दोन दिवस लिफ्टमध्ये नमस्कार करणारा. मी त्याला गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. माझ्याकडचे रोख घ्या, आणि तेवढेच फोनवरून आमच्या खात्यात टाका. मोजून घ्या हवे तर. लेकीच्या फीचा प्रश्न आहे. त्यानं माझ्या हातातल्या पाकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या खिशावर गेला. "सॉरी हं," म्हणून तो भराभर निघून गेला. माझ्याकडे कुणी कधी तसं पाहिलं नव्हतं. बाकावर बसलेल्या यांच्याकडे माझ्यानं बघवेना.

दोन वाजले. मग सव्वादोन. यांनीही दोघा-तिघा सोबत्यांना फोन लावून पाहिले होते. एकाकडे तीन हजार होते, दुसरा लग्नाला गेला होता. शेवटी मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाऊजींना विचारा."

"नाही."

"अहो, पोरीची जागा जाईल."

"माहीत आहे मला. मी त्याला शब्द दिलाय, आपल्या घरातलं कुणी त्याच्याशी पैशाचं बोलणार नाही म्हणून. मी नाही मोडणार." मग जरा थांबून म्हणाले, "तुला विचारायचं तर तू विचार. मी सकाळी एकदा चोर झालोय. तेवढं पुरे."

लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "लाव ग. लाव फोन. खाईल का तो तुला?"

मी लावला. लेकीनं नंबर शोधून दिला. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून फोनचा आवाज मोठा केला. दोन वर्षांनी माझा नंबर दिसल्यावर तो उचलेल की नाही याची मला खात्री नव्हती. दुसऱ्या घंटेला उचलला.

"वहिनी? दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत. सगळे बरे आहेत." मग मी सांगितलं. माझ्या चुकीसकट सगळं सांगितलं, कारण वेळ लपवालपवीची नव्हती. तो मधे एक शब्द बोलला नाही. दोघं भाऊ त्या बाबतीत सारखेच.

"किती कमी आहेत?" त्यानं विचारलं.

"चाळीस."

"बोट कधी सुटते?"

"तीनला शिडी काढतात."

"माझ्याकडे अठरा आहेत, ते आत्ता टाकतो. बाकीचे शेजारच्या टायरवाल्याकडून बघतो. ठेवा फोन."

दोन चाळीसला अठरा हजार आल्याचा मेसेज आला. मग काहीच नाही. आम्ही शिडीच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. सहलीच्या बसेस आल्या, माणसं उतरून वर गेली. शिडीवरचा माणूस हातातल्या घड्याळाकडे बघत आमच्याकडे खुणा करायला लागला. शिडी चढून आत गेलं की पोलादाच्या भिंतींत फोनला रेंज राहत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं; मग पैसे आले नाहीत तर दुसऱ्या कुणाला विचारताही आलं नसतं. आणि बावीस हजारांचा पत्ता नव्हता. टायरवाला नसेल तर? त्यानं नाही म्हटलं तर? मला दुसरं कुणाचं नाव सुचत नव्हतं.

"चला, चला, तुम्हीच राहिलात," तो माणूस ओरडला.

आम्ही चढायला लागलो. एक पायरी, दुसरी. शिडीच्या मध्यावर आलो आणि सासूबाईंनी कठडा धरला, "अगं आई ग!" म्हणाल्या, आणि मटकन पायरीवर बसल्या.

"पाय मुरगळला," त्या कळवळून म्हणाल्या. "हलवू नका मला. कुणी हलवू नका."

शिडीवरचा माणूस धावत आला. "आजी, उठा, उचलून नेतो."

"हात लावू नकोस! ऐंशी वर्षांचं हाड आहे, मोडलं तर जबाबदार कोण, तू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. "फोनकडे बघ तू," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या.

बोटीचा भोंगा वाजला. वरून कुणीतरी शिवी हासडली. दुसरा माणूस आला, त्यानं डॉक्टरला बोलवायचं म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या की डॉक्टरचे पैसे आमच्या पाकिटात धरलेले नाहीत. लेक माझ्या दंडाला इतकी घट्ट धरून उभी होती की नखं रुतली. तीन वाजून चार मिनिटं. सहा. सात.

फोन वाजला. मेसेज. बावीस हजार जमा. शिल्लक एक लाख ऐंशी हजार. मी शून्यं मोजली. लेकीनंही मोजली. तिनं तोंडावर हात घेतला आणि कठड्याला टेकून रडायला लागली.

लगेच त्याचा फोन आला. आवाज मोठाच होता, सगळ्यांना ऐकू जात होता.

"पोचले का, वहिनी?"

"पोचले. पोचले हो, भाऊजी. घरी आल्याबरोबर मी तुमचे—"

"ते बघू मागाहून. टायरवाल्याला शनिवारी दिले तरी चालतात. मला एक सांगा," तो अडखळला. "या भानगडीत तुम्ही दादाला काही बोलला नाहीत ना? तो दाखवत नाही, पण फार लावून घेतो मनाला. त्याचा काही दोष नसणार बघा यात."

एका बाजूला लेक, पायाशी सासूबाई, आणि दोन पायऱ्या खाली हे उभे. सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त हे समुद्राकडे बघत होते. फोनमधून पुन्हा आवाज आला, "वहिनी?"

यांनी हात पुढे करून माझ्या हातातून फोन घेतला.

"नाही रे," ते म्हणाले. "ती कशाला बोलेल मला? ठेव तू. बोट सुटतेय."

त्यांनी फोन बंद करून माझ्याकडे दिला. मला इतकी लाज वाटली, की त्या क्षणी त्यांनी मला चार लोकांत थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

"चुकलं माझं," मी हळूच म्हणाले.

"मला नको सांगूस," हे म्हणाले. "मला माहीत होतं मी नाही घेतलेले. आईसमोर म्हणालीस, पोरीसमोर म्हणालीस. त्यांना सांग."

भोंगा पुन्हा वाजला. शिडीवरचे दोघं सासूबाईंच्या काखेत हात घालायला वाकले होते. मी त्यांना थांबायला सांगितलं. मग सासूबाईंकडे वळले, लेकीकडे वळले, आणि सकाळी जेवढ्या मोठ्यानं ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "यांनी एक पैसा घेतलेला नाही. चूक माझी आहे."